चेटकिणी नेमक्या कुणी जाळल्या?

प्रश्न असा आहे: ‘मध्ययुगात चर्चने नव्वद लाख बायकांना चेटकीण ठरवून जाळलं, असं एका भाषणात ऐकलं. हे खरं आहे का? आणि असेल, तर चर्चला त्यातून मिळत काय होतं?’

युरोपचा इतिहास शिकवणं हा माझा व्यवसाय आणि हे खटले हा माझ्या अभ्यासाचा विषय, त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देतो. आकडा चुकीचा आहे. काळ बराचसा चुकीचा आहे. आणि ‘चर्चने’ या एका शब्दात पोप, गावचा पाद्री, इन्क्विझिटर (पाखंड हुडकणारा चर्चचा न्यायाधीश) आणि राज्य चालवणारा बिशप असे सगळे एकाच पोत्यात भरलेत. ते वेगळे केल्याशिवाय काहीच कळत नाही. चर्चवर ठपका येतोच, पण भाषणात ठेवला जातो त्यापेक्षा वेगळ्या जागी.

आधी आकडा उरकून टाकू. १७८४ साली जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गच्या गॉटफ्रीड ख्रिस्तियान फॉइग्ट या गृहस्थाने आपल्या गावच्या मोजक्या खटल्यांवरून त्रैराशिक मांडलं, सगळ्या युरोपच्या लोकसंख्येला आणि कित्येक शतकांना ते लावलं आणि नव्वद लाखांच्या वर उत्तर काढलं. पुढे ज्याला ज्याला चर्चला झोडपायचं होतं, त्याने तो आकडा उचलला. नाझी नेता हिमलरने तर १९३५ मध्ये एसएस या आपल्या दलाचं एक पथकच अभिलेखागारांत बसवलं होतं, चर्चविरुद्ध दारूगोळा मिळावा म्हणून. वर्षानुवर्षं खपून त्यांच्याकडे तीस हजारांच्या वर कार्डं जमली, नव्वद लाखांच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. आज अभ्यासक जो आकडा धरतात तो १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत, सगळ्या युरोपात मिळून चाळीस ते साठ हजार मृत्युदंडांचा. त्यातले निम्म्याच्या आसपास जर्मन भाषक प्रदेशांतले. दर चारांत तीन बायका. आइसलंड आणि नॉर्मंडीत मात्र पुरुष जास्त. आणि सगळ्यात भयंकर काळ १५६० ते १६५० हा. म्हणजे छपाई आली होती, कोलंबस जाऊन आला होता, गॅलिलिओ दुर्बीण लावून बसला होता. याला मध्ययुग म्हणत नाहीत.

खऱ्या मध्ययुगात, निदान त्याच्या पहिल्या सहा-सातशे वर्षांत, चर्चची भूमिका वाचली की विद्यार्थी चक्रावतात. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने नुकत्याच जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी आठव्या शतकाच्या अखेरीस कायदा केला. त्यात असं कलम आहे की, सैतानाच्या नादी लागून एखाद्याने कुणा बाईला वा पुरुषाला माणसं खाणारी चेटकीण समजून जाळलं, तर जाळणाऱ्याला देहांत शासन. शिक्षा जाळणाऱ्याला! कारण चेटकीण असते असं मानणं हीच जुन्या मूर्तिपूजक धर्माची खोड, असं तेव्हाच्या धर्मपंडितांचं म्हणणं.

साधारण ९०६ च्या सुमारास प्रूम मठाच्या रेगिनोने बिशपांसाठी नियमांचं एक संकलन केलं. त्यातला एक उतारा ‘कॅनन एपिस्कोपी’ या नावाने ओळखला जातो. रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून आपण कोसच्या कोस हिंडतो असं काही बायका सांगतात; हे सगळं सैतानाने झोपेत दाखवलेलं स्वप्न आहे, आणि ते प्रत्यक्षात घडतं असं जो मानेल तो श्रद्धेपासून ढळला, असा त्याचा आशय. हा उतारा पुढे ११४० च्या सुमारास ग्रेशियनने रचलेल्या कॅनन कायद्याच्या मोठ्या ग्रंथात गेला, म्हणजे चर्चच्या कायद्याचा अधिकृत भाग झाला. लियॉनचा बिशप अ‍ॅगोबार्ड ८१५ च्या आसपास आपल्याच लोकांवर वैतागून लिहितो की, गारा पाडणारे मांत्रिक असतात यावर इथे थोरामोठ्यांपासून सगळ्यांचा विश्वास आहे. १०८० मध्ये पोप सातवा ग्रेगरी डेन्मार्कच्या राजाला पत्र लिहून बजावतो की, वादळं आणि रोगराईचं खापर बायकांवर फोडून त्यांना छळू नका.

याचा अर्थ चर्च तेव्हा दयाळू होतं असा काढू नका. करणी केली म्हणून त्या काळातही लोक मेले. जमावाने मारले, राजांनी मारले. मंतरलेले ताईत, वशीकरणाचे काढे यांसाठी चर्च प्रायश्चित्तं देत असे, उपासापासून पुढे. पण चेटकिणींची एक छुपी संघटना आहे आणि ती मुळासकट उपटायची आहे, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. ती घडवावी लागली, आणि ती चर्चच्याच माणसांनी घडवली.

कशी, ते समजायला आधी न्यायपद्धत बघावी लागते. जुन्या पद्धतीत फिर्यादीने स्वतः उभं राहून आरोप करायचा. आरोप सिद्ध झाला नाही, तर आरोपीला झाली असती तीच शिक्षा फिर्यादीवर उलटू शकत असे. पुरावा नसेल तर दिव्य. आपल्याकडे शिवकाळात-पेशवाईत उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य होतं, तसं तिकडे तापलेलं लोखंड हातात धरायचं किंवा बांधून पाण्यात सोडायचं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. ही खरं तर सुधारणा. मात्र तिच्या जोडीला जी चौकशीची नवी पद्धत रुळली, तीत न्यायाधीश स्वतःहून खटला सुरू करू शकत होता. फिर्यादीच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली. दोषी ठरवायला दोन प्रत्यक्ष साक्षीदार हवेत, नाहीतर कबुली. करणीला साक्षीदार कुठून आणणार? राहिली कबुली. आणि कबुली मिळवायला यातना. १२५२ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या चौकशीत यातनांना परवानगी दिली. लक्षात घ्या, हे सगळं कॅथार वगैरे पंथांसाठी उभं राहत होतं. चेटकिणींचा संबंध नव्हता. इन्क्विझिटरांनी करणीच्याही तक्रारी हाती घेऊ का असं विचारलं, तेव्हा १२५८ मध्ये पोप चौथ्या अलेक्झांडरने सांगितलं की, उघड पाखंडाचा वास येत असेल तरच, एरवी नको.

दार तिथेच किलकिलं राहिलं. करणी हा पाखंडाचाच प्रकार आहे असं एकदा दाखवता आलं की झालं. १३२४ मध्ये आयर्लंडच्या किल्केनीत बिशप रिचर्ड लेड्रेडने चार लग्नं केलेल्या श्रीमंत अ‍ॅलिस कायटेलरवर नेमका असाच खटला भरला. तक्रार करणाऱ्यांत तिची सावत्र मुलं होती, म्हणजे वारशाचं भांडण आत होतंच. अ‍ॅलिस निसटून गेली. सापडली तिची नोकर पेट्रोनिला. तिला फटके मारमारून कबुली घेतली आणि ३ नोव्हेंबर १३२४ ला जाळलं. मालकीण गेली आणि मोलकरीण मेली, हे पुढेही अनेकदा दिसतं. दोन वर्षांनी पोप बाविसाव्या जॉनच्या नावाने निघालेल्या फर्मानात सैतानाशी करार करणाऱ्यांना पाखंड्यांच्या शिक्षा लावल्या गेल्या.

यानंतरचा टप्पा आल्प्समधला. १४२८ पासून स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागात खटल्यांची लाट आली. १४३१ मध्ये जवळच बाझलला चर्चची महापरिषद भरली आणि वर्षानुवर्षं चालली. देशोदेशीचे धर्मपंडित तिथे बसून आल्प्समधल्या या गोष्टी ऐकत होते, लिहून काढत होते. डॉमिनिकन संघाच्या योहानेस नायडरचं लेखन याच वर्षांतलं. शेजारणीने नजर लावली, गाय आटली, या गावोगावच्या जुन्या तक्रारी आणि पाखंड्यांविरुद्ध रचलेले जुने आरोप (रात्रीची गुप्त सभा, सैतानाची पूजा, मुलं मारून खाणं) यांची इथे गाठ मारली गेली. जुना ‘कॅनन एपिस्कोपी’ आड येत होता, तर पंडितांनी पळवाट काढली: त्या जुन्या बायका वेगळ्या, हा नवा पंथ वेगळा.

मग येतो हाइनरिश क्रामर. याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘चर्चने’ या शब्दाचा गोंधळ इथे नीट दिसतो. हा डॉमिनिकन इन्क्विझिटर. जर्मनीतले स्थानिक बिशप आणि अधिकारी आपल्याला जुमानत नाहीत अशी तक्रार घेऊन तो रोमला गेला आणि ५ डिसेंबर १४८४ ला पोप आठव्या इनोसंटकडून फर्मान मिळवलं. ते घेऊन १४८५ मध्ये इन्सब्रुकला आला. तिथे हेलेना शॉयबेरिन नावाची एक फटकळ बाई होती. तिने भर रस्त्यात त्याच्यावर थुंकून शिव्या घातल्या, त्याच्या प्रवचनांना जाऊ नका असं इतरांना सांगितलं. क्रामरने तिच्यासह सात जणींना धरलं. चौकशीत तो हेलेनाला तिच्या कौमार्याबद्दल, शरीरसंबंधांबद्दल विचारू लागला, तेव्हा बिशपच्या प्रतिनिधीनेच हरकत घेतली की हा प्रश्न इथे गैरलागू आहे. बायकांच्या वतीने कॅनन कायद्याचा एक जाणकार उभा राहिला आणि त्याने चौकशीतल्या त्रुटी काढून खटला पाडला. सगळ्या सुटल्या. ब्रिक्सेनचा बिशप गेओर्ग गोल्सर याने क्रामरला निघून जायला सांगितलं, आणि म्हातारपणी याला पोरकटपणा आलाय असा शेराही मारून ठेवला.

म्हणजे १४८५ मध्ये, पोपचं फर्मान खिशात असताना, चर्चच्याच एका बिशपने चर्चच्याच इन्क्विझिटरला गावाबाहेर काढलं. अपमान गिळून क्रामरने जे पुस्तक लिहिलं ते ‘मॅलियस मॅलेफिकारम’, म्हणजे चेटकिणींवरचा हातोडा. १४८६ च्या अखेरीस श्पायरला छापलं. पोपचं फर्मान त्याने पुढे जोडून दिलं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं की अख्खा ग्रंथच पोपसंमत आहे. हस्तलिखितांच्या काळात असतं तर एखाद्या मठाच्या कपाटात पडून राहिलं असतं. छापखान्यामुळे ते वकील आणि न्यायाधीशांच्या टेबलावर गेलं.

आणि इथून पुढे जाळणारे हात बहुतेक ठिकाणी राजसत्तेचे आहेत. जर्मन साम्राज्याच्या १५३२ च्या ‘कॅरोलिना’ या फौजदारी संहितेत करणीने इजा करणाऱ्याला जाळण्याची शिक्षा आहे. यातना कधी द्याव्यात याच्या अटीही आहेत, ज्या छोट्या न्यायालयांनी धाब्यावर बसवल्या. ३ ऑगस्ट १५६२ ला नैर्ऋत्य जर्मनीत प्रचंड गारपीट झाली, पिकं झोपली. व्हीझनश्टाइग या चिमुकल्या जहागिरीत त्यानंतरच्या महिन्यांत ६३ बायकांना मारलं. तिथला काउंट ल्युथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट होता. त्या दशकांत हवामान बिघडलं होतं, हिवाळे लांबत होते, द्राक्षं पिकत नव्हती, आणि लोक वर अर्ज करत होते की सरकार चेटकिणींचं काहीच का करत नाही. स्कॉटलंडने पोपला झुगारल्यावर तीनच वर्षांनी, १५६३ मध्ये, चेटूकविरोधी कायदा केला. मार्टिन ल्यूथरच्या विटेनबर्गमध्येही १५४० ला चौघे जळाले. कॅथलिक-प्रोटेस्टंट हा फरक इथे कामाचा नाही.

कामाचा फरक मला दिसतो तो एवढाच: खटला चालवणाऱ्याच्या वर कुणी होतं का? पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने १६२४ पासून आपल्या हद्दीतली चेटकाची प्रत्येक मोठी शिक्षा अपिलात यायलाच हवी असा नियम केला आणि तिथल्या फाशी-जाळपोळी जवळजवळ थांबल्या. उलट जिथे राज्य मुठीएवढं, न्यायाधीश राजाचा नोकर आणि वर दाद मागायची सोय नाही, तिथे माणसं ढिगाने मेली. जर्मनीत अशा संस्थानांपैकी कित्येक बिशपांची होती. हा बिशपच तिथला राजा, म्हणून त्याला प्रिन्स-बिशप म्हणत. ट्रियर, व्युर्ट्सबुर्ग, बांबेर्ग ही नावं तिथली. चर्चवरचा सगळ्यात जड आरोप मी इथे ठेवतो.

बांबेर्गचा प्रिन्स-बिशप योहान गेओर्ग फुक्स फॉन डोर्नहाइम याने १६२७ मध्ये चेटकाच्या आरोपींसाठी खास तुरुंग बांधला. त्या काळातल्या लाटांत एवढ्याशा संस्थानात नऊशे ते हजार माणसं मेली असावीत. राज्याचा चान्सलर गेओर्ग हान याने यंत्रणेला आवर घालायचा प्रयत्न केला, तर तो, त्याची बायको, मुलगी आणि मुलगाही गेले. जून १६२८ मध्ये शहराचे एक महापौर योहानेस युनियस, वय ५५, पकडले गेले. त्यांच्या बायकोला आधीच मारलं होतं.

युनियस यांचे दोन कागद आज आपल्याकडे आहेत. पहिला न्यायालयाचा. त्यात तारीखवार नोंदी: अंगठ्यांना पेच लावले, कबूल नाही, वेदना होत नाहीत; पायांना लावले, कबूल नाही; हात मागे बांधून दोराने वर खेचलं. मग ५ जुलैला ‘समजूत घातल्यावर’ कबुली. १६२४ मध्ये आपण बागेत चिंतेत बसलो असताना एक बाई आली, तिने भुरळ घातली आणि तिचा बोकड झाला, वगैरे. दुसरा कागद युनियस यांनी चोरून बाहेर पाठवलेलं, मुलगी व्हेरोनिका हिला लिहिलेलं २४ जुलैचं पत्र. पेचांनी बोटं चिरडलेली, त्यामुळे ते लिहायला त्यांना कित्येक दिवस लागले. त्यात ते सांगतात की, आठ वेळा वर खेचून सोडल्यावर खुद्द जल्लादानेच हात जोडले: साहेब, देवासाठी काहीतरी कबूल करा, खरं असो की खोटं, रचून सांगा, कारण तुम्ही यातून सुटणार नाही. युनियस यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि गोष्ट रचली. तरी भागलं नाही. सभेत कोण कोण होतं ते सांगा. ओळखलं नाही म्हटलं, तर एकेका रस्त्याचं नाव घेऊन, इथून सुरू करा, या गल्लीत कुणाला ओळखता, असं विचारत पुढे नेलं. कुणाची तरी नावं द्यावी लागली. मग गुन्हे काय केलेत? मुलं मारायला सैतानाने सांगितलं होतं, पण मी घोडा मारला, असं सांगून बघितलं. पुरलं नाही. शेवटी पवित्र ख्रिस्तप्रसाद पुरून टाकला म्हटल्यावर सोडलं. पत्राच्या कडेला त्यांनी लिहिलंय की, माझ्यावर सहा जणांनी आरोप केले, सगळे जबरदस्तीने, आणि मरण्याआधी सगळ्यांनी माझी माफी मागितली. ऑगस्टमध्ये युनियस मारले गेले.

इतक्या माणसांनी सारखीच कबुली कशी दिली, असं मला विचारलं जातं. त्याचं उत्तर त्या गल्लीवार प्रश्नांत आहे. प्रश्नावली तयार होती, उत्तरं तिच्यात बसेपर्यंत दोर ओढायचा, आणि प्रत्येक कबुलीतून पुढची नावं निघायची. क्रामरचा हातोडा, इन्क्विझिशनची पद्धत आणि राजाचा तुरुंग बांबेर्गात एकाच माणसाच्या ताब्यात होते.

आता त्याच्या उलट बाजूचं, आणि हे ऐकून लोक माझ्याशी भांडतात: खुद्द इन्क्विझिशनने चेटकापायी तुलनेने फार थोड्यांना मारलं. १६०९ मध्ये फ्रान्सच्या बास्क भागात राजाने पाठवलेला न्यायाधीश प्येर द लांक्र चेटकिणी शोधत सुटला. भीती पिरेनीज ओलांडून स्पेनच्या बास्क लोकांत आली. लोग्रोन्योच्या इन्क्विझिशनने नोव्हेंबर १६१० मध्ये सहा जणांना जिवंत जाळलं आणि तुरुंगात मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. तीन न्यायाधीशांपैकी एक, आलोन्सो दे सालाझार, या निकालांवर नाखूश होता. पुढच्या वर्षी माफीची मुदत जाहीर करून तो स्वतः डोंगरातली गावं फिरला. १,८०२ माणसांचे जबाब घेतले, त्यातली १,३८४ मुलं. एकेकट्याला विचारलं: सभा कुठे भरते, कुठून जाता, कधी परतता? उत्तरं जुळेनात. ज्या रात्री सभा भरते म्हणत, त्या रात्री आपले कारकून त्या जागी पाठवले. त्यांना काही दिसलं नाही. उडण्याची म्हणून मडक्यांतली मलमं आणली, ती जनावरांना चारून बघितली. काही झालं नाही. त्याने वर लिहून कळवलं की, या गोष्टींची चर्चा आणि लिखाण सुरू होईपर्यंत इथे ना चेटकिणी होत्या ना पछाडलेले. माद्रिदच्या वरिष्ठ मंडळाने १६१४ मध्ये त्याचं म्हणणं बहुतांशी मान्य करून नियम इतके कडक केले की स्पेनच्या इन्क्विझिशनने पुढे चेटकिणी जाळणं जवळपास सोडलंच.

मराठी वाचकाला इथे गोवा आठवणार. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडून, चाललं, ते पोर्तुगालचं. त्याचा मुख्य रोख बाटून ख्रिस्ती झालेल्यांनी जुने विधी, जुन्या चालीरीती पाळण्यावर होता. १७३६ च्या जाहीरनाम्यात तर जेवणखाणाच्या आणि लग्नाच्या रिवाजांवरही बंदी आहे. ते क्रूर होतंच. पण त्याची गोष्ट वेगळी आहे आणि बांबेर्गची वेगळी; भाषणांत दोन्ही एकात एक कालवली जातात.

राहिला प्रश्न मिळत काय होतं याचा. जप्ती हे एक उत्तर लोकांना आवडतं. बांबेर्गमध्ये पैसेवाले पकडले गेले आणि मालमत्ता लुबाडली गेली हे खरं. तक्रारी सम्राटापर्यंत गेल्या आणि १६३०-३१ मध्ये त्याला जप्ती थांबवायचे हुकूम काढावे लागले. एरवी आरोपी बहुतेक गरीब, म्हाताऱ्या, भांडखोर म्हणून गावाला नकोशा झालेल्या. त्यांच्या सरपणाचा खर्चही निघत नसे. सुइणी आणि वैदू बायकांना संपवायचा हा कट होता, या लोकप्रिय मतालाही कागदांत फारसा आधार नाही. सुइणी आरोपी म्हणून दिसतात, त्याहून जास्त वेळा आरोपीच्या अंगावर खुणा शोधणाऱ्या किंवा साक्ष देणाऱ्या म्हणून दिसतात. धर्मयुद्धांच्या काळात आपलं राज्य देवाला जास्त प्रिय आहे हे दाखवायची चढाओढ प्रत्येक राजाला होती, आणि मला वाटतं तो लाभ पैशापेक्षा मोठा होता.

या यंत्रणेवरचा सगळ्यात धारदार हल्लाही चर्चमधूनच आला. फ्रीडरिश श्पे हा जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री. १६३१ मध्ये, युनियस गेल्यानंतर तीन वर्षांनी, त्याने खटल्यांच्या पद्धतीवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. नाव न घालता, आणि छापलं रिंटेलनला, प्रोटेस्टंटांच्या विद्यापीठात. त्याचा मुद्दा एका ओळीचा: आपण सगळे चेटके ठरलो नाही, ते केवळ आपल्याला अजून दोराला टांगलं नाही म्हणून. संघातले वरिष्ठ त्याच्यावर भडकले. पण योहान फिलिप फॉन शोनबोर्न नावाचा एक तरुण धर्माधिकारी त्याच्या परिचयाचा होता. श्पेचे केस अकाली का पिकले ते श्पेनेच त्याला सांगितलं, असं तत्त्वज्ञ लाइबनिझने लिहून ठेवलंय: निरपराध माणसांना चितेपर्यंत सोबत करून. हा शोनबोर्न १६४२ मध्ये व्युर्ट्सबुर्गचा प्रिन्स-बिशप आणि १६४७ मध्ये माइन्त्सचा आर्चबिशप झाला, आणि आपल्या दोन्ही राज्यांत त्याने हे खटले बंद करून टाकले.